कोडचा कट्टा : जमवायचा कसा, टिकवायचा कसा?

माझं सगळं शालेय शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे "मॅगझिनच्या मराठी विभागात लेख देतेय" असं घरी सांगितल्यावर आई आधी हसली आणि मग म्हणाली, "ऱ्हस्व-दीर्घ तपासून घे कोणाकडून तरी." तपासून घेतलं आहे! तरीही वाक्यावाक्यात इंग्रजी शब्द येतील, ते चालवून घ्या. हॉस्टेलवर आपण सगळे अशीच भाषा बोलतो. शिवाय विषय असा आहे की तो मराठीतच लिहायला हवा होता. का, ते पुढे येईलच.

विषय आहे प्रोग्रामिंग लँग्वेजची आवड असणाऱ्यांचा कट्टा. मोठ्या शहरांत याला 'मीटअप' किंवा 'युजर ग्रुप' म्हणतात. सी, जावा, पायथॉन, रुबी, हॅस्केल, रस्ट, ज्याला जी लँग्वेज आवडते ती घेऊन माणसं ठरलेल्या दिवशी एकत्र येतात, एखादा प्रश्न सोडवतात, एकमेकांचा कोड बघतात, चहा पितात आणि घरी जातात. फी नाही, सर्टिफिकेट नाही, अटेंडन्सही नाही. कदाचित म्हणूनच असे कट्टे सुरू पटकन होतात आणि बंदही पटकन पडतात. गेलं वर्षभर आम्ही काही जणांनी आपल्या कॉलेजात असा कट्टा चालवला. त्या अनुभवावरून आणि थोड्याफार वाचनावरून हा लेख लिहिते आहे. ज्यांना आपल्या ब्रँचमध्ये किंवा सुट्टीत गावी असा कट्टा सुरू करायचा असेल, त्यांना तो उपयोगी पडावा.

१. ही कल्पना आली कुठून?

५ मार्च १९७५. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात मेन्लो पार्क नावाचं गाव आहे. तिथे गॉर्डन फ्रेंच नावाच्या गृहस्थांच्या गॅरेजमध्ये तीसेक माणसं जमली. निमित्त होतं 'अल्टेअर ८८००' या नव्या कॉम्प्युटरचं. कॉम्प्युटर म्हणजे काय, तर एक डबा! ना कीबोर्ड, ना स्क्रीन. पुढच्या बाजूला खटके आणि लुकलुकणारे दिवे. खटके वरखाली करून प्रोग्राम भरायचा आणि दिवे बघून उत्तर ओळखायचं. या डब्याचं काय करता येईल, एवढ्याच कुतूहलापोटी जमलेल्या त्या मंडळींचा पुढे 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब' झाला. तो १९८६ च्या डिसेंबरपर्यंत, म्हणजे तब्बल अकरा वर्षं चालला.

गर्दी वाढल्यावर क्लब गॅरेजमधून बाहेर पडला आणि पुढे स्टॅनफर्डच्या एका संशोधन केंद्राच्या मोठ्या सभागृहात भरू लागला. तिथे ली फेल्सनस्टाईन नावाचे इंजिनिअर सभा चालवायचे. त्यांची पद्धत आपण जशीच्या तशी उचलावी अशी आहे. सभेचे दोन भाग असत. पहिल्या भागाला ते 'मॅपिंग' म्हणत. यात ज्याला बोलायचं असेल तो उभा राहून थोडक्यात सांगायचा, माझ्याकडे अमुक आहे, मला तमुक हवंय, मी या गोष्टीवर अडकलोय. त्यावर लांबलचक चर्चा करायची नाही. सगळ्यांचं सांगून झालं की दुसरा भाग, 'रँडम अ‍ॅक्सेस'. म्हणजे खुर्च्या सोडायच्या आणि ज्याचं बोलणं आपल्या कामाचं वाटलं त्याला गाठायचं. इथे खरं काम व्हायचं.

या क्लबच्या पहिल्या भेटीला स्टीव्ह वॉझनियाक हजर होता. तेव्हा तो एचपी कंपनीत इंजिनिअर होता. पुढे त्याने 'अ‍ॅपल-१' बनवला आणि स्टीव्ह जॉब्सबरोबर अ‍ॅपल कंपनी काढली, हे सगळ्यांना माहीत आहे. पण एक गोष्ट कमी जणांना माहीत असते. वॉझनियाक इतका लाजाळू होता की सभेत हात वर करून बोलायचं त्याला जमतच नसे. त्याने स्वतःच हे सांगितलं आहे. मग तो काय करायचा? सभा संपली की आपला सर्किट बोर्ड टेबलावर मांडून बसायचा. लोक आपोआप भोवती जमायचे, प्रश्न विचारायचे आणि मग हा बोलायचा. आपल्या सर्किटचे कागद तो तिथे फुकट वाटायचा.

आता विचार करा, त्या क्लबमध्ये फक्त स्टेजवरची भाषणं असती आणि शेवटी "एनी क्वेश्चन्स?" असं विचारून सगळे उठले असते, तर वॉझनियाक गप्प बसून घरी गेला असता! मला वाटतं, कट्ट्याचं सगळं शास्त्र या एका गोष्टीत आहे. हात वर न करणाऱ्यासाठी तिथे जागा हवी.

लँग्वेजचे कट्टेही असेच लहान सुरू झाले. पायथॉनची पहिली कार्यशाळा नोव्हेंबर १९९४ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात झाली आणि तिला सुमारे वीस माणसं होती. पायथॉन बनवणारे गीडो व्हान रॉसम स्वतः त्यांत होते. १९९७ साली न्यूयॉर्कमध्ये पर्ल वापरणाऱ्यांनी 'पर्ल माँगर्स' हा गट काढला आणि तो बघून जगभर गावोगावी तसे गट निघाले. आपल्याकडे बंगळूरला 'बँगपायपर्स' नावाचा पायथॉनवाल्यांचा गट होता. पुढे २००९ साली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये पहिली 'पायकॉन इंडिया' परिषद भरली. २०११ ची पायकॉन इंडिया आपल्या पुण्यात झाली आणि २०१२ ची 'रुबीकॉन्फ इंडिया'सुद्धा. या मोठ्या परिषदा आकाशातून पडलेल्या नाहीत. दर महिन्याला दहा-पंधरा जणांत भेटणाऱ्या माणसांनीच त्या उभ्या केल्या.

२. एआय असताना भेटायचं कशाला?

परवा एका ज्युनिअरने अगदी सरळ विचारलं, "ताई, मोबाईलवर एआयला सांगितलं की प्रोग्राम तयार मिळतो. मग संध्याकाळ कशाला घालवायची?"

प्रश्न रास्त आहे. सिंटॅक्स विचारायला किंवा एरर समजून घ्यायला खरोखरच आज कोणाला भेटायची गरज नाही. पण तीन गोष्टी मोबाईलवर मिळत नाहीत. एक म्हणजे, तोच प्रश्न शेजारचा माणूस कुठून धरतो हे समोर बघायला मिळत नाही. आपण सॉर्टिंगने सुरुवात केली आणि त्याने आधी कागदावर तीन उदाहरणं सोडवली, हे बघूनच डोक्यात काहीतरी हलतं. दुसरं, एआयला तुम्ही विचाराल तेवढंच तो सांगतो. काय विचारायचं हेच ज्याला सुचत नाही, तो तिथेही अडकतो. तिसरी गोष्ट ओरलच्या दिवशी कळते. एक्स्टर्नल सर बोट ठेवून विचारतात, "ही ओळ का लिहिली?" त्या वेळी कोड तुमच्या डोक्यातला हवा. दुसऱ्याला समजावून सांगितल्याशिवाय तो डोक्यात जात नाही, निदान माझ्या तरी नाही.

३. पूर्वतयारी

(अ) तिघे हवेत. एकाने सुरू केलेला कट्टा त्याच्या पहिल्या आजारपणात बंद पडतो. दोघांचा त्यांच्या भांडणात! तिघे असले की कोणीतरी एक किल्ली घेऊन हजर असतोच. तिघांपैकी एक जण तरी सेकंड इयरचा घ्या, म्हणजे फायनल इयरवाले पास आऊट झाल्यावर दोरी हातात धरायला कोणीतरी उरतं. आणि तिघेही एकाच हॉस्टेलचे नकोत.

(आ) वार आणि वेळ. या एका निर्णयावर कोण येणार आणि कोण येऊच शकणार नाही हे ठरतं. शनिवारी जवळच्या गावची मुलं घरी जातात. रविवारी रात्री मेस बंद, सगळे जेवणाच्या शोधात. रात्री नऊनंतर बॉईज हॉस्टेलला उत्साह असतो, पण गर्ल्स हॉस्टेलचं गेट बंद झालेलं असतं. "मुली येतच नाहीत" अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी घड्याळ बघावं! सगळा विचार करून आम्ही महिन्याचा दुसरा आणि चौथा बुधवार, संध्याकाळी साडेपाच ते सात ही वेळ ठरवली. कॉलेज सुटल्यावर कोणी खोलीवर गेलेलं नसतं आणि मेसच्या आधी सगळे मोकळे होतात. तुमच्या कॉलेजची गणितं वेगळी असतील, पण हिशोब असाच मांडा. आणि एकदा वार ठरला की तो बदलायचा नाही. "या वेळी बुधवारऐवजी गुरुवारी" असं दोनदा झालं की लोक कट्टा विसरतात.

(इ) जागा. आम्हाला लॅबपेक्षा साधा वर्ग बरा वाटला. लॅबमध्ये प्रत्येक जण आपापल्या मॉनिटरमागे लपतो. वर्गात फळा असतो, बाक सरकवता येतात. बारा जणांत चार लॅपटॉप पुरतात, किंबहुना चारच असावेत, म्हणजे तिघांना एका स्क्रीनकडे बघावं लागतं आणि बोलावं लागतं. एक एक्स्टेंशन बोर्ड आणि खडू, बास. प्रोजेक्टर नसला तरी चालतं.

(ई) परवानगी. एचओडींना अर्ज एकदाच द्या, पण पूर्ण सेमिस्टरचा आणि तारखांसकट. एक प्रत दोन्ही रेक्टरना द्या. दर वेळी नवा अर्ज म्हणजे दर वेळी सही मिळण्याची वाट बघणं. वर्गाची किल्ली ज्या मामांकडे असते त्यांना तारखांचा कागद द्या आणि चहाला बोलवा. हे फार महत्त्वाचं आहे, हसू नका!

(उ) नोटीस. "प्रसिद्ध वक्ते येणार" असं लिहाल तर लोक वक्त्यासाठी येतील आणि पुढच्या वेळी येणार नाहीत. त्यापेक्षा मेसच्या दारावर एक प्रश्न लिहून लावा. जेवणाच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला दुसरं काम नसतं, तो प्रश्न सोडवायला लागतो. खाली वार, वेळ, वर्ग क्रमांक. आमची पहिली नोटीस अशी होती : "२१११ या संख्येपासून निघून ६१७४ ला किती पायऱ्यांत पोहोचाल?" ती कसली पायरी, ते आता सांगते.

४. पहिली भेट : कापरेकरांची संख्या

पहिल्या दिवशी भाषण नको, प्रश्न हवा. तो असा हवा की फर्स्ट इयरच्या मुलालाही दोन मिनिटांत समजेल आणि फायनल इयरवालाही अर्धा तास अडकेल. माझ्या मते त्यासाठी कापरेकरांच्या संख्येसारखा प्रश्न नाही.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. ते नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिक्षक होते. हातात ना पीएचडी, ना विद्यापीठातली नोकरी, पण संख्यांचं जबरदस्त वेड. त्यांनी शोधलेली गंमत अशी. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा आणि मोठ्यातून लहान संख्या वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ ला पोहोचता आणि तिथेच राहता.

उदाहरणार्थ ३५२४ घेऊ.
५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४
आणि ६१७४ वर तेच केलं तर ७६४१ − १४६७ = ६१७४!

मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात कापरेकरांबद्दल लिहिलं आणि त्यांचं नाव जगभर झालं. योगायोग बघा, होमब्रू क्लबची पहिली भेटही त्याच महिन्यातली.

आता कट्ट्यावर करायचं काय? पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी कागदावर एकेक संख्या सोडवायची. (लाईट गेली तरी हा भाग चालू राहतो.) मग तीन-तीनचे गट करायचे आणि प्रत्येक गटाने वेगळ्या लँग्वेजमध्ये प्रोग्राम लिहायचा : १००० ते ९९९९ मधल्या सगळ्या संख्या तपासा आणि कुठल्या संख्येला किती पायऱ्या लागतात ते सांगा. चारही अंक सारख्या असलेल्या ९ संख्या वगळल्या तर ८९९१ उरतात.

आणि इथे खरी मजा सुरू होते. आमच्याकडे सी वापरणाऱ्या गटाचा प्रोग्राम चालला. पायथॉनवाल्यांचा कोड निम्म्याहून कमी ओळींचा, दिसायला सुंदर, पण पहिल्याच संख्येवर, म्हणजे १००० वर, तो थांबायलाच तयार नाही. लॅपटॉपचा पंखा घरघरतोय आणि उत्तर नाही. असं का व्हावं?

कारण नोटिशीवरच्या संख्येत दडलेलं आहे. २१११ घ्या. २१११ − १११२ = ०९९९. कागदावर आपण पुढचं शून्य लिहितो. पुढची पायरी ९९९० − ०९९९ = ८९९१, मग ८०८२, मग ८५३२ आणि पाचव्या पायरीला ६१७४. पण कॉम्प्युटरसाठी ते उत्तर ९९९ आहे. पायथॉनवाल्यांनी संख्येची स्ट्रिंग केली, तिला तीनच अक्षरं मिळाली. ९९९ − ९९९ = ०, आणि पुढे शून्यातून शून्य, अनंत काळ! सीवाल्यांनी मात्र चार वेळा दहाने भागून बाकी काढली होती, त्यामुळे चौथ्या वेळी शून्य आपोआप मिळालं. त्यांनी मुद्दाम काही केलं नव्हतं. सीमध्ये संख्येचे अंक काढायची सवयीची रीतच तशी आहे. पायथॉनमध्ये स्ट्रिंग करणं सोपं, म्हणून हात तिकडे वळतो. डावीकडे शून्यं भरून स्ट्रिंग चार अक्षरांची केली की तिथलीही अडचण संपते.

हा घोटाळा ८९९१ पैकी नेमक्या ६८ संख्यांवर होतो. १०००, २१११ किंवा ७७७८ सारख्या, जिथे तीन अंक सारखे आणि उरलेला त्यांच्यापेक्षा एकनेच लहान किंवा मोठा असतो. म्हणजे चार-पाच संख्या टाकून "चालतोय" म्हणणाऱ्याला तो बहुधा कधीच सापडणार नाही. टेस्टिंगवर आख्खं युनिट शिकून जे कळलं नाही ते मला त्या संध्याकाळी कळलं.

हॅस्केल येणारा कोणी असेल तर त्याला शेवटी बोलवा. तो आधी पायऱ्यांची न संपणारी यादीच लिहून टाकतो आणि मग "६१७४ येईपर्यंतची दे" म्हणतो. यादीतली पुढची संख्या मागितल्याशिवाय हॅस्केल ती काढतच नाही, म्हणून हे चालतं. सी शिकलेल्या माणसाला हे बघून आधी फसवणूक वाटते, मग हेवा वाटतो. लँग्वेजचा कट्टा कशासाठी, याचं उत्तर हेच आहे. प्रत्येक लँग्वेज प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने बघायला लावते. म्हणून आमचा एक नियम आहे : "माझी लँग्वेज भारी, तुझी भंगार" हे वाक्य उच्चारणाऱ्याने सगळ्यांचा चहा द्यायचा.

घरी जाताना गृहपाठ : तीन अंकी संख्यांसाठी ४९५ येतो का ते बघा. दोन अंकींना एकच मुक्काम का मिळत नाही? (०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९ असं ते गोल फिरत राहतात.)

५. पुढच्या भेटींसाठी तीन पद्धती

दर वेळी तेच केलं तर कंटाळा येतो. आम्ही आलटून पालटून या पद्धती वापरतो.

कोडिंग डोजो : ही पद्धत २००० च्या दशकात पॅरिसमधल्या प्रोग्रामर मंडळींनी सुरू केली. एकच लॅपटॉप, सगळ्यांना दिसेल असा. दोघे कीबोर्डवर, एक टाईप करतो आणि दुसरा सुचवतो. दर पाच-सात मिनिटांनी टाईप करणारा उठतो, सुचवणारा त्याच्या जागी येतो आणि प्रेक्षकांतून नवा माणूस येतो. बघणाऱ्यांपैकी एकालाही समजलं नाही, तर काम थांबवून समजावून सांगायचं. हुशार मुलांना हे आधी जड जातं, मग आवडतं.

कोड रिट्रीट : ही २००९ साली अमेरिकेत सुरू झाली. जोडीने ४५ मिनिटं कोड लिहायचा आणि वेळ संपली की पूर्ण डिलीट करायचा! मग नवा जोडीदार, तोच प्रश्न, पुन्हा पहिल्यापासून. प्रश्न बहुधा जॉन कॉनवे यांचा १९७० चा 'गेम ऑफ लाइफ' असतो. चौकटींच्या जाळ्यात जिवंत चौकटीला दोन किंवा तीन जिवंत शेजारी असतील तरच ती जगते. मेलेल्या चौकटीला नेमके तीन असतील तर ती जिवंत होते. नियम एवढेच. कोड पुसायचाच असल्यामुळे सबमिशनची धास्ती राहत नाही आणि माणूस नवीन काही करून बघायला धजावतो.

पाच मिनिटांचं बोलणं : कोणीही एकच गोष्ट फळ्यावर समजावून सांगायची. "पॉइंटर म्हणजे काय" इतकी साधी चालेल. स्लाईड्स नकोत. सहावं मिनिट झालं की टाळ्या वाजवून खाली बसवायचं.

कुठलीही पद्धत घ्या, सुरुवातीची पंधरा मिनिटं मात्र फेल्सनस्टाईन यांची. प्रत्येकाने दोन वाक्यं बोलायची, मला काय येतं आणि मी कुठे अडकलोय. ज्याला बोलायचं नाही त्याने ती कागदावर लिहून फळ्याला चिकटवायची. आणि शेवटची पंधरा मिनिटं मोकळी सोडायची. चहाचा कप हातात असताना जे प्रश्न निघतात ते वर्गात कधी निघत नाहीत.

६. बोलायचं कुठल्या भाषेत?

आता तो मुद्दा, ज्यासाठी हा लेख मराठीत लिहिला.

वर सांगितलेली ०९९९ ची भानगड कोणी पकडली माहितीये? डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेल्या एका मित्राने. दहावीपर्यंत तो जिल्हा परिषदेच्या आणि मग गावातल्या मराठी शाळेत शिकला. आमच्या वर्गात वर्षभर त्याचा आवाज मी ऐकला नव्हता. एक्स्पर्ट लेक्चरला तो शेवटच्या बाकावर बसायचा आणि "एनी डाऊट्स?" म्हटलं की खाली बघायचा. आपल्याला प्रोग्रामिंग जमत नाही, असंच त्याने स्वतःबद्दल ठरवून टाकलं होतं, आणि सॉफ्टवेअर सोडून दुसरं काहीतरी बघायच्या बेतात तो होता. त्या दिवशी आम्ही सगळे इन्फिनाइट लूप कुठे आहे ते शोधत होतो, एकमेकांवर इंग्रजीत ओरडत होतो. हा मागे उभा राहून स्क्रीनकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "अगं, नऊशे नव्व्याण्णव आलं की पुढचं शून्य गळतंय."

एका वाक्यात काम झालं. तेही मराठीत.

माझ्यासारख्या इंग्रजी माध्यमातल्या मुलांना एक फायदा फुकट मिळतो, आम्हाला उत्तर अर्धवट येत असलं तरी बोलता येतं. आणि बोलता येतं त्याला येतं, असा समज वर्गात नकळत तयार होतो. ज्याला उत्तर पूर्ण येतं पण इंग्रजी वाक्य मनात जुळवायला वेळ लागतो, त्याच्याआधी आमचं बोलून झालेलं असतं. यात कोणाचा वाईट हेतू नसतो, पण नुकसान खरं असतं.

म्हणून कट्ट्यावर भाषेचा नियम साधा ठेवा. ज्याला जी भाषा येते ती. लूप, फंक्शन, ॲरे, पॉइंटर हे शब्द इंग्रजीच राहू देत, त्यांना जडजड प्रतिशब्द शोधायची गरज नाही. पण "हे असं का होतं?" हा प्रश्न ज्याच्या त्याच्या भाषेत यावा. आमच्याकडे बिहारचा एक मुलगा येतो, तो हिंदीत बोलतो. दुसरे कोणी मराठीत उत्तर देतात. कोड सगळ्यांना समजतो, त्यामुळे अडत नाही.

खोटं सांगत नाही, एवढ्याने सगळं बदललं असं नाही. तो मित्र इंग्रजी ओरलला अजूनही अडखळतो. पण सॉफ्टवेअर सोडायची भाषा आता तो करत नाही, आणि डोजोच्या दिवशी फळ्यापाशी तोच उभा असतो.

७. टिकवायचा कसा?

पहिल्या भेटीला गर्दी होते. दुसऱ्या वेळी निम्मे येतात. तिसऱ्या वेळी सात-आठ. इथे घाबरून जाऊ नका आणि गर्दीसाठी बक्षिसं, सर्टिफिकेट असलं काही सुरू करू नका. किती आले ते मोजण्यापेक्षा दोन गोष्टी मोजा. मागच्या वेळचे किती परत आले? आणि आज असा कोण बोलला जो वर्गात कधी बोलत नाही? दुसऱ्या प्रश्नाला एक जरी नाव सापडलं तरी भेट वसूल.

पीएल आणि सबमिशनच्या दिवसांत कट्टा सरळ बंद ठेवा, पण पुन्हा सुरू होण्याची तारीख आधीच मेसच्या दारावर लावून ठेवा. चहाचे पैसे त्याच दिवशी प्रत्येकी गोळा करा, म्हणजे फंड, हिशोब आणि भांडणं यातलं काहीच उरत नाही. दर भेटीचा प्रश्न आणि सापडलेल्या चुका एका शंभर पानी वहीत लिहा. पुढच्या वर्षीच्या मुलांना हीच वही द्यायची. आणि दर वेळी सूत्रसंचालन नव्या माणसाकडे द्या. तीन वेळा एकच माणूस पुढे उभा राहिला की तो 'सर' होतो आणि बाकीचे 'विद्यार्थी'.

सर आणि मॅडम, आपल्यालाही एक विनंती. किल्ली द्या, अर्जावर सही द्या, जमेल तेव्हा येऊन मागच्या बाकावर बसा, चुकलं तर थोडं थांबून मग सांगा. फक्त त्याला टर्मवर्कचे मार्क जोडू नका. मार्क आले की सगळे येतील, पण ज्यांच्यासाठी कट्टा आहे ते पुन्हा गप्प होतील.

तर मित्रमैत्रिणींनो, तुमच्या मजल्यावर, तीन खोल्या सोडून, असा कोणीतरी नक्की राहतो ज्याला तुम्ही अडकलेल्या प्रश्नाचं उत्तर माहीत आहे आणि ज्याला आजवर कोणी विचारलेलं नाही. त्याच्यासाठी सभागृह नको, स्पॉन्सर नको. एक बुधवार, एक फळा, चार अंकी एक संख्या आणि दहा रुपयांचा चहा पुरतो. या दुसऱ्या बुधवारी साडेपाचला आम्ही आहोतच. येताना कोरा कागद आणा, आणि बरोबर जो कधी बोलत नाही त्यालाही आणा!